ताडपत्री, होडीचे छत आणि रस्त्यावरचा वारा



वैशाखातली एखादी दुपार डोळ्यांपुढे आणा. पिंपळाचे पानसुद्धा हलत नाही. बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेला एक टेम्पो उभा आहे. वर टाकलेली ताडपत्री निपचित पडली आहे. चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधल्या आहेत, मधल्या कड्या मोकळ्याच आहेत. कुणी विचारले, तर चालक म्हणतो, "वारा कुठाय साहेब? बसतंय तेवढं."

पाऊण तासाने हाच टेम्पो महामार्गावर येतो. झाडाचे पान अजूनही हलत नाही. पण टेम्पोवरची ताडपत्री मात्र फुगली आहे, आपटते आहे, तिचे मागचे टोक चाबकासारखे कडकडते आहे. मागून येणारा मोटारसायकलवाला घाबरून अंतर ठेवतो आहे. आणखी दहा-बारा किलोमीटर गेल्यावर एक कडी तुटते, मग दुसरी; आणि ती ताडपत्री रस्त्यावर किंवा कुणाच्या तरी तोंडावर जाऊन पडते.

आता प्रश्न असा की, हा वारा आला कोठून? उत्तर सोपे आहे. गाडीच हवेवर चालून गेली. हवा स्थिर आणि आपण धावतो आहोत, किंवा आपण स्थिर आणि हवा धावते आहे, कापडाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवरचे कापड ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात उभे असते. मग बाहेर कितीही शांतता असो.

हा वारा केवढा, याची कल्पना यावी म्हणून एक माप सांगतो. आपले भारतीय हवामान खाते समुद्रावरच्या वादळांची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरून करते. वारा ताशी ६२ ते ८८ किलोमीटर असला की त्याला चक्रीवादळ म्हणतात. ८९ ते ११७ असला की तीव्र चक्रीवादळ. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, ते या दुसऱ्या वर्गातले होते. त्या दिवशी पत्रे कसे उडाले, माडपोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या, हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. म्हणजे पहा, जो चालक ताशी ८० ने जातो, त्याने आपल्या टेम्पोवर चक्रीवादळच सोबत घेतलेले असते. बाहेर उन्ह पडलेले असते, एवढाच काय तो फरक.

हवेला वजन असते

हे एकदम पटत नाही. कारण हवा आपल्याला हलकी वाटते. हवेला काही वजन असते, हे आपण शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. म्हणून थोडा हिशेब करू.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा पेटीत जेवढी हवा मावते, तिचे वजन सुमारे १.२ किलो असते. आता तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी आपली एक खोली घ्या. तिच्यात अशा सत्तावीस पेट्या मावतील. म्हणजे त्या रिकाम्या खोलीतल्या हवेचे वजन झाले ३२ किलोच्या वर. रिकाम्या खोलीत अर्ध्या पोत्याहून अधिक हवा भरलेली आहे! तिच्यातून सावकाश चाललो तर ती गुमान बाजूला होते. तिच्यावर धावून गेलो तर तिला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. मग ती ढकलते.

किती ढकलते? इथे गणिताची एक गंमत आहे, आणि साऱ्या विषयाची मेख तिच्यातच आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. वेग चौपट झाला तर सोळापट. याचे कारणही कळण्यासारखे आहे. वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट हवा येऊन आदळते, आणि तिचा प्रत्येक कण दुप्पट जोराने आदळतो. दोन दुणे चार.

आकडे सांगतो, शिक्षकांनी ते फळ्यावर मांडून घ्यावेत. एक चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फूट कापड वाऱ्याच्या समोर उभे धरले आहे, असे समजा. ताशी २० किलोमीटर वेगाला त्याच्यावर सुमारे २ किलोचा भार येतो. ४० ला साडेसात किलो. ६० ला १७ किलो. ८० ला ३० किलो. आणि १०० ला ४७ किलो.

टेम्पोच्या हौद्याच्या वर ताडपत्रीचा पुढचा भाग समजा दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच आहे. म्हणजे दोन चौरस मीटर. गावातल्या रस्त्याने ताशी ४० ने जाताना त्याच्यावर १५ किलोचा भार येईल; त्याला चार दोऱ्या पुरतात. तोच टेम्पो महामार्गावर ८० ने निघाला की भार होतो ६० किलो. कांद्याच्या एका भरल्या गोणीपेक्षा अधिक वजन त्या कापडावर सतत लोटते आहे, आणि आपण मात्र गावातल्याच चार दोऱ्यांवर विसंबलेले असतो.

यावर कुणी म्हणेल, "मग हळू चालवावं काय?" होय, भार उंच असेल आणि कापड जुने असेल तर हळूच चालवावे. ८० च्या ऐवजी ६० ने गेले तर दाब ३० वरून १७ वर येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा होतो. साठ किलोमीटरच्या प्रवासात याची किंमत किती, तर पंधरा मिनिटे. शिवाय समोरून खरोखरीचा वारा वाहत असेल तर तोही वेगात मिळवावा लागतो. ताशी २० चा समोरचा वारा आणि ८० ची गाडी, म्हणजे कापडाला १०० चा वारा. दाब दीडपटीहून जास्त वाढला, आणि काट्यावर मात्र ८० च दिसते आहे.

वारा तीन हातांनी काम करतो

ढकलणे हा वाऱ्याचा पहिला हात. तो सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा हात उचलण्याचा.

वादळात घरावरचा पत्रा खाली दाबला जात नाही, वर उडतो, हे आपण पाहतो. ताडपत्रीचेही तसेच. भरलेल्या मालावर ती मधे उंच आणि कडेला उतरती, अशी पडलेली असते. समोरून आलेली हवा त्या उंचवट्यावरून वळून, वेग वाढवून जाते. अशी वळणावरून जाणारी हवा कापडावर कमी दाबते. ताडपत्रीच्या खालची हवा मात्र गोण्यांच्या फटींत स्वस्थ बसलेली असते. तिचा दाब आहे तेवढाच राहतो. वरून कमी, खालून जास्त, मग कापड वर उचलले जाणारच. त्यातून पुढची कड उघडी असेल तर विचारूच नका. वारा तिथून आत शिरतो आणि तोंड उघडलेल्या पोत्यासारखी ताडपत्री भरून फुगते.

तिसरा हात फडफडीचा. माझ्या मते जास्तीत जास्त नुकसान हाच हात करतो. कापड ढिले असले की ते एका जागी फुगून राहत नाही. फुगते, बसते, परत फुगते. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पण तीच दहा-वीस वेळा इकडेतिकडे वाकवा, सहज तुटते. कापडाचे तंतू, कडीभोवतीची शिवण, दोरीची गाठ या सर्वांवर हीच पाळी येते. ढिली कड सेकंदाला पाच वेळा आपटली, असे धरले, तर एका तासात ती अठरा हजार वेळा आपटली! एवढ्या माराला कुठले कापड टिकेल? आणि सगळ्यात जोराचा मार बसतो तो मोकळ्या टोकाला. आसुडाचा कडाका त्याच्या टोकाशीच निघतो, तसा.

तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. ताणून बसवलेले जुने कापड बरेच अंतर टिकते. ढिले टाकलेले नवे कोरे कापड एका फेरीत फाटते.

होडी रस्त्यावर येते तेव्हा

ताडपत्री हा शब्द ऐकून आपल्याला ताडाची पाने आठवतात. पण हा शब्द इंग्रजी 'टारपॉलिन' या शब्दावरून आपल्या तोंडी असा रुळला. त्यातला 'टार' म्हणजे डांबर. जहाजावरचा माल भिजू नये म्हणून जाड कापडाला डांबर फासून ते वर घालीत. म्हणजे हे कापड मूळचे दर्यावर्दी. ते बोटीवरून गाडीवर आले. आता गंमत अशी की, कधी कधी खुद्द बोटच गाडीवर येते, आणि तेव्हा तिच्या छताचे हाल ताडपत्रीसारखेच होतात.

अमेरिकेत पुष्कळ लोकांच्या स्वतःच्या लहान मोटारबोटी असतात. बोट घराशी ठेवायची, आणि सुटीच्या दिवशी चाकांच्या गाड्यावर घालून मोटारीमागे जोडून तळ्यावर किंवा समुद्रावर न्यायची, अशी तिकडची रीत. या बोटींना उन्हासाठी कापडी छत असते. साधारण इंचभर जाडीच्या नळ्यांच्या कमानी, त्यांवर ताणलेले कापड, आणि पुढेमागे पट्टे. या छताला ते 'बिमिनी' म्हणतात. त्याच नावाची बेटे फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून जवळ, बहामा द्वीपसमूहात आहेत. छताच्या चारी बाजू मोकळ्या असतात, त्यामुळे सावलीही मिळते आणि झुळूकही.

पाण्यावर हे छत उत्तम. बोट ताशी वीस किलोमीटरने चालली आहे, छतावर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला दोन किलो. नळ्यांना तो पेलतो. पण तीच बोट छत न मिटता महामार्गावर आणली आणि गाडी ८० ने सोडली की वेग चौपट होतो आणि दाब सोळापट. शिवाय बोट गाड्यावर उंच बसलेली असते; पुढच्या मोटारीचा आडोसा छताला मिळत नाही. दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब छत, म्हणजे पाच चौरस मीटर. वरच्या आणि खालच्या दाबांत पुऱ्या ३० किलोचा फरक न धरता निम्माच धरला, तरी पंचाहत्तर किलोचा जोर त्या छताला वर ओढत राहील. हा सगळा जोर येतो चार-सहा बारीक स्क्रूंवर. मग स्क्रू उपटतात, नळ्या वाकतात, कापड शिवणीवर उसवते. म्हणून तिकडच्या जाणत्या लोकांचा साधा नियम आहे: रस्त्यावर निघण्यापूर्वी छत मिटायचे.

आपल्याकडेही हा प्रश्न अगदीच परका राहिलेला नाही. मालवण-तारकर्लीला पर्यटकांच्या बोटी आहेत, धरणांच्या जलाशयांवर नौकाविहार चालतो. नवी बोट कारखान्यातून येते, दुरुस्तीला जाते, एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर नेली जाते; हा प्रवास रस्त्यानेच होतो. ज्यांच्याकडे असे काम आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

छत मिटताना कापड नळ्यांच्या मधे चिमटू देऊ नये. ते नीट गुंडाळून नळ्यांवर घट्ट बसवावे आणि वरून त्याची पिशवी चढवावी. पिशवीचे तोंड मागच्या बाजूला यावे. ते पुढे राहिले तर वारा आत शिरून तिचा फुगा करील. मिटलेल्या नळ्यांचा जुडगा दोनतीन ठिकाणी पट्ट्यांनी बांधावा आणि तो बोटीच्या पक्क्या भागावर टेकवून जखडावा. टेकण्याच्या जागी बारदानाची घडी किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, म्हणजे नळी आपटून बोटीला घासणार नाही. पट्ट्यांची लोंबती टोके खोचून टाकावीत. प्रवास लांबचा असेल आणि छत सुटे होण्यासारखे असेल, तर ते सरळ काढून बोटीच्या आत तळाशी आडवे ठेवावे, बांधून. यापरता सुरक्षित उपाय नाही.

हे सगळे आपल्या कोळी बांधवांना नवीन वाटणार नाही. वारा वाढला की शीड आवरायचे, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. वाऱ्याशी भांडण्यापेक्षा वाऱ्यापुढचे कापड कमी करावे, हा त्यांचा हिशेब. रस्त्यावरही हिशेब तोच.

माल उघडा ठेवता येत नाही, तेव्हा

बोटीचे छत मिटता येते, पण मालावरची ताडपत्री मिटून कशी चालेल? अवकाळी पाऊस केव्हा गाठील याचा नेम नाही. लासलगावला निघालेला कांदा भिजला तर त्याची प्रत उतरते आणि भाव कोसळतो. बेदाणा भिजला, कापूस भिजला, तर वर्षाची मेहनत एका सरीत जाते. तेव्हा ताडपत्री घालायचीच. प्रश्न एवढाच की, ती कशी घालायची?

पहिली गोष्ट भार भरण्याची. मधे उंच, कडेला उतरता आणि पुढच्या बाजूला शक्य तितका चालकाच्या कॅबिनच्या उंचीबरोबर, असा माल रचावा. कॅबिनच्या वर जेवढे कापड डोकावेल तेवढ्यावर वारा आदळणार. मधे खड्डा ठेवू नये. तिथे पाऊस साठतो आणि कापड हेलकावते.

दुसरी गोष्ट पुढच्या कडेची. ही कड म्हणजे घराचे दार. ती मालाच्या खाली दुमडून, पहिल्या रांगेतल्या गोण्यांखाली दाबावी, किंवा हौद्याच्या पुढच्या फळीच्या आत खाली ओढून बांधावी. वाऱ्याला शिरायला बोटभरही फट ठेवू नये. पुढची कड पक्की असली तर निम्मे काम झाले म्हणून समजा.

तिसरी, जोडाची. दोन ताडपत्र्या लागणार असतील तर मागची आधी घालावी आणि पुढचीचे टोक तिच्यावर हातभर तरी येऊ द्यावे. कौले शाकारताना वरचे कौल खालच्यावर येते, ते पाण्याच्या वाटेचा विचार करून. इथे वाऱ्याच्या वाटेचा विचार करायचा. धावत्या गाडीला वारा मुख्यतः पुढून येतो; उलटा जोड घातला की वारा त्याच्यात बोटे घालून तो उचकटतो.

चौथी, दोराची. कडेच्या सगळ्या कड्या वापराव्यात. चारच कड्या बांधल्या तर साठ किलोचा भार चौघींवर पडतो. बारा बांधल्या तर प्रत्येकीवर पाच किलो. हे गणित चौथीतल्या पोरालाही येते, पण घाईत मोठ्यांना आठवत नाही. कड्या बांधून झाल्या की ताडपत्रीच्या वरून आडवे दोर घ्यावेत, दर दोनतीन फुटांवर एक, आणि जमल्यास एकमेकांना छेद देणारे तिरपे दोर. कापड फुगायला लागले की हे दोर त्याला जागीच दाबून धरतात. फडफड थांबवण्याचे खरे काम त्यांचे.

दोर ताणण्याची एक युक्ती पुष्कळ मालवाहू चालकांना ठाऊक असते. दोराच्या मधेच एक फास करायचा, मोकळे टोक खालच्या हुकातून घेऊन त्या फासातून ओवायचे आणि खाली ओढायचे. हा फास कप्पीचे काम करतो. एका माणसाला जवळजवळ दोन माणसांचे बळ येते. शेवटची गाठ सुरगाठ असावी, म्हणजे पावसात भिजली तरी ओढताच सुटते. निरगाठ मारली की उतरवताना कोयता शोधावा लागतो आणि दोर वाया जातो. दोराऐवजी चपटा पट्टा वापरीत असाल तर बांधताना त्याला एक पीळ द्यावा. सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो, थरथरतो आणि झिजतो. पीळ दिला की थरथर पुष्कळ कमी होते.

पाचवी, कोपऱ्यांची. ताडपत्री सपाट जागी सहसा फाटत नाही. ती फाटते लोखंडी पट्टीच्या धारेवर, फाळक्याच्या कोपऱ्यावर, गोणीतून वर आलेल्या एखाद्या काडीवर. जिथे कापड धारेवरून वळते तिथे बारदान किंवा ट्यूबचा तुकडा घालावा. पाच मिनिटांचे काम आहे.

सहावी गोष्ट बारीक चिरेची. आधीच अर्ध्या इंचाची चीर असेल तर ती शिवल्याशिवाय किंवा ठिगळ लावल्याशिवाय निघू नये. कारण सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो. उन्हात वर्षभर पडलेली प्लॅस्टिकची ताडपत्री वरून धड दिसते, पण सूर्यप्रकाशाने ती आतून कुजलेली असते. तिचा कोपरा चुरगाळून पहावा. पांढरी भुकटी हाताला लागली किंवा तंतू तडतडले, तर ती खळ्यावर अंथरायला ठेवावी. महामार्गावर नेऊ नये.

निघाल्यानंतर

पुष्कळांना वाटते, एकदा बांधले की मुक्कामाला पोचेपर्यंत बघायला नको. इथेच घात होतो. गाडी हादरते तसा माल खाली बसतो. कडबा, कापूस, भुसा तर फारच बसतो. माल चार बोटे बसला की दोर चार बोटे ढिला झाला, आणि दोर ढिला झाला की फडफड सुरू झाली. शिवाय नायलॉनचा दोर ओला झाला की ताणतो. सुती दोर ओला झाला की आखडतो आणि सुकल्यावर पुन्हा सैल पडतो. म्हणून पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांनंतर एकदा थांबावे आणि सगळे दोर पुन्हा ओढून घ्यावेत. पुढे चहाला थांबाल तेव्हा एक फेरी गाडीभोवती मारावी. पाऊस पडून गेला असेल तर पुन्हा एकदा.

समोरून भरधाव मोठा ट्रक येतो, त्या क्षणी हवेचा एक दणका बाजूने बसतो. घाटाच्या माथ्यावर, मोठ्या पुलावर आडवा वारा असतो. अशा ठिकाणी वेग कमी करावा. आरशात ताडपत्रीचे टोक उडताना दिसले तर "पुढच्या ढाब्यावर बघू" म्हणू नये. लगेच वेग उतरवावा, गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर घ्यावी, इशाऱ्याचे दिवे लावावेत आणि मग खाली उतरावे. धावत्या गाडीत क्लीनरने वर चढून दोर धरणे हा जिवाशी खेळ आहे. कापड दाबून धरण्यासाठी मालावर माणसे बसवणे हा त्याहून वाईट खेळ. साठ किलोच्या जोराने उचलले जाणारे कापड माणसालाही उचलते.

आणि मागून कोण येते आहे, याचा विचार करा. बहुधा दुचाकीवर नवराबायको असतात, मधे मूल असते. सुटलेली ताडपत्री त्यांच्यावर पडली तर त्या माणसाला काही दिसत नाही, हातातले हँडल सुटते, आणि मागे ट्रक असतो. सुटलेला दोर चाकात गेला तरी तीच गत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधे हौद्याबाहेर आलेल्या धोकादायक भाराबद्दल दंड आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने तो पुष्कळ वाढवला आहे. पण दंडाची भीती दाखवून मला थांबायचे नाही. आपला माल कोरडा पोचावा एवढ्यासाठी दुसऱ्याचे पोर जायबंदी होऊ नये, इतके कळायला कायदा कशाला हवा?

शिक्षक बंधुभगिनींसाठी

हा सगळा विषय वर्गात फुकटात शिकवता येतो. तीन प्रयोग सांगतो.

पहिला. वहीच्या कागदाची दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब पट्टी घ्या. तिचे एक टोक खालच्या ओठाशी धरा; दुसरे टोक वाकून खाली लोंबेल. आता पट्टीच्या वरून जोराने फुंकर मारा. मुलांना वाटेल पट्टी आणखी खाली जाईल. ती वर उठते! वळलेल्या पट्टीवरून हवा वळत गेली, वरचा दाब कमी झाला, खालच्या हवेने पट्टी उचलली. ताडपत्री का फुगते, ते मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

दुसरा. प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एकीला कडेला कात्रीने नखभर चीर द्या. दोन्ही लांबीच्या दिशेने ओढायला सांगा. न चिरलेली पट्टी ताणत राहील; चिरलेली पट्टी चिरेपासूनच फाटेल. ठिगळाचे महत्त्व सांगायला वेगळे व्याख्यान नको.

तिसरा. एक पुठ्ठा हातात आडवा धरून मुलाला मैदानावर आधी चालायला सांगा, मग पळायला सांगा. पळताना पुठ्ठ्याला किती जोर लागतो, हे तो स्वतःच सांगेल. नंतर फळ्यावर वेगाचे आकडे मांडा आणि त्यांचे वर्ग मुलांकडून काढून घ्या: २० चा वर्ग ४००, ४० चा १६००, ८० चा ६४००. चारशेचे चौसष्टशे झाले, म्हणजे सोळापट. वर्गाचे कोष्टक पाठ करताना कंटाळणारी मुले हे आकडे विसरणार नाहीत; कारण त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी ट्रॅक्टर आहे, टेम्पो आहे, किंवा वडील दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहेत. त्या मुलांना संध्याकाळी घरी जाऊन एकच काम करायला सांगा. आपल्या गाडीच्या ताडपत्रीला कड्या किती आहेत आणि त्यांतल्या धड किती, हे मोजून दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे.